वर्तणूक : चांगली



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मग पुण्याला चिरंजीवांकडे महिनाभर मुक्काम झाला. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज मात्र भांडायचे आहे. नात्यातल्या दोघातिघांचे फोन येऊन गेले, "काकू, तुम्ही म्हणे मुलाच्या सोसायटीच्या सभेत आवाज चढवलात?" हो, चढवला. सदतीस वर्षे साठ-साठ पोरांच्या वर्गात चढवला, तो एका सभेत चढला तर काय बिघडले! पण प्रत्येकाला फोनवर निराळी हकिकत सांगण्यापेक्षा एकदाच सगळे इथे लिहिते. ज्यांना पटणार नाही त्यांनी तसे मोकळेपणाने लिहावे, मी रागावत नाही. (निदान फार वेळ नाही.)

तर झाले असे. चिरंजीवांच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन होता. वय चाळिशीच्या आसपास, मूळचा आमच्याच सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्यातला. माझे बोलणे ऐकून पहिल्याच दिवशी त्याने ओळखले, "बाई, तुम्ही आमच्याकडच्या." तीन वर्षे तो तिथे होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागले तेव्हा लिफ्ट बंद होती. त्यांना खुर्चीसकट खाली आणणारा हाच. कुणाची एक चप्पल हरवल्याची तक्रार त्याच्या काळात नाही.

मग सोसायटीने सुरक्षेची एजन्सी बदलली. नव्या एजन्सीने जुन्या माणसांची पोलीस पडताळणी नव्याने करून घेतली. ह्याच्या नावापुढे २०१० सालचा गुन्हा निघाला. कलम ३२६, ५०४, ५०६. सभेत सेक्रेटरींनी तो कागद वाचून दाखवला आणि शेवटी इंग्रजीत दोन शब्द उच्चारले, 'क्रिमिनल रेकॉर्ड'. त्यानंतर दहा मिनिटांत ठराव मंजूर. तो माणूस तेव्हा खाली फाटकापाशी उभा होता. त्याला वर बोलावून "काय झाले होते रे बाबा?" असे विचारावे, हे एकालाही सुचले नाही.

मी त्याच दुपारी विचारले होते. बांधाचे भांडण. चुलत्याच्या हातावर कुदळीचा दांडा बसला, हाड मोडले. फिर्यादीत नऊ नावे घातली, त्यात ह्याचे एक. एकतीस दिवस हा तुरुंगात होता, सात वर्षे तारखांना जात होता, आणि २०१७ मध्ये कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडले. निकालाची नक्कल तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगतो. पोलिसांच्या अहवालात गुन्हा होता, निकाल नव्हता.

मी उठून हे सांगितले. "काकू, तुम्ही सभासद नाही," असे सेक्रेटरी म्हणाले. ते खरेच होते. पण एक बाई (चांगल्या शिकलेल्या, माझ्या सुनेच्या वयाच्या) म्हणाल्या, "निर्दोष म्हणजे काय हो, पुरावा मिळाला नाही इतकंच." तिथे माझा आवाज चढला. चिरंजीव खाली मान घालून मोबाइलमध्ये बघत बसले.

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. आज त्याच्याशीच भांडण आहे, आणि थोडे स्वतःशीही. त्या भागाला मी पुढे येईनच.

आधी शब्दांचे बघू. मराठीची शिक्षिका आहे, शब्दांपासूनच सुरुवात करणार. 'गुन्हा दाखल होणे', 'खटला चालणे' आणि 'दोषी ठरणे' ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गुन्हा दाखल होतो म्हणजे कुणीतरी कुणाबद्दल तक्रार केली आणि ठाण्यात ती लिहून घेतली गेली. त्यात अजून काहीच सिद्ध झालेले नसते. आमच्या गावाकडे भावकीचे भांडण झाले की समोरच्या घरातले एकूणएक पुरुष फिर्यादीत घालायची रीतच आहे. त्यातही शिकणारा, भरतीची तयारी करणारा पोरगा असेल तर त्याचे नाव आवर्जून, कारण तिथे घाव वर्मी बसतो हे फिर्याद लिहून देणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. "ह्याची नोकरीच घालवतो बघ," ही धमकी मी शाळेच्या आवारात पालकांच्या तोंडून ऐकलेली आहे.

आणि 'आत जाऊन आलाय' म्हणजे दोषी, हेही खरे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी छापतो. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांमागे जवळजवळ तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. जामिनाला माणूस नाही, वकिलाला पैसे नाहीत, म्हणून आत. त्यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटतील आणि कुठल्यातरी फाटकावर, कुठल्यातरी गोदामात काम मागायला जातील. त्यांना आपण काय सांगणार? पुरावा मिळाला नाही इतकंच?

पूर्वी निदान विस्मरणाची सोय होती. ठाण्यातली रजिस्टरे वाळवी खायची, फौजदार बदलायचा, माणूस परगावी जाऊन नव्याने सुरुवात करू शकायचा. २००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस योजनेने देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडली. गुन्हेगार पकडायला ते उपयोगाचे आहे, त्याला माझी ना नाही. पण संगणकाला वाळवी लागत नाही. जतेतला २०१० चा बांध पुण्यातल्या सोसायटीपर्यंत आला तो असा. गुन्हा जितक्या तत्परतेने येतो तितक्या तत्परतेने निकाल येत नाही. निर्दोष ठरलेल्या माणसाचे प्रकरण नोकरीच्या दाखल्यात येताच कामा नये. आलेच तर निकालासकट यावे. ह्यात न पटण्यासारखे काय आहे ते कुणीतरी मला समजावून सांगा.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. "बिचारा निर्दोष होता ना, मग अन्याय झाला" म्हणून आपण मोकळे होऊ. पण जो खरोखर दोषी ठरला, ज्याने खरोखर चोरी केली आणि शिक्षा भोगली, त्याचे काय? इथे मला स्वतःबद्दल लिहिले पाहिजे. हे मी आजवर घरीही नीट सांगितलेले नाही.

२००४ चा जून. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. आमचे जुने शिपाई निवृत्त झाले होते. नवीन माणसाला मान्यता मिळेपर्यंत रोजंदारीवर कुणीतरी ठेवायचे होते आणि ते माझ्या हातात होते. शाळा उघडून चार दिवस झाले असतील. माझा एक माजी विद्यार्थी आला. नाव देत नाही. दहावीत असताना त्याने शाळेची बंद पडलेली विजेची घंटा दुरुस्त केली होती, तीही कुणी न सांगता. पुढे तो वाईट संगतीत पडला. २००३ मध्ये विहिरीवरची मोटर चोरताना सापडला. सहा महिने शिक्षा झाली, ती भोगून आला. त्याने काही लपवले नाही. म्हणाला, "बाई, चूक झाली. काम द्या. झाडलोट, पाणी, काहीबी करतो."

मी त्याला काय म्हणाले ते अक्षरशः आठवते. "बाळ, माझा तुझ्यावर विश्वास आहे रे. पण पालक काय म्हणतील?"

तो थोडा वेळ उभा राहिला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला. सह्या-शिक्के आमच्याच शाळेचे. अभ्यासातील प्रगती : बरी. वर्तणूक : चांगली. "हे तुमचंच अक्षर हाय न्हवं, बाई?" एवढे विचारून तो गेला. दाखला तिथेच राहिला. मी तो शिपायाच्या हाती... म्हणजे शिपाई नव्हताच, मी तो एका मुलाबरोबर त्याच्या घरी पाठवून दिला.

दोन वर्षांनी तो पुन्हा पकडला गेला. पुन्हा चोरीतच. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, "बघा, बरं झालं बाईंनी ठेवला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." मी मान डोलावली. दुसरी चोरी त्याने केली, मी करायला लावली नाही, हे मला कळते. पण त्याच्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या आणि त्यातली एक मी बंद केली, हेही मला कळते. त्याची आई बाजारात दिसली की मी पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या गल्लीने जात असे.

आता त्या दाखल्याबद्दल सांगते. मी हजारो दाखले लिहिले असतील. 'वर्तणूक' ह्या रकान्यात मी 'चांगली' सोडून दुसरे काही एकदाही लिहिले नाही. बाके मोडणारी पोरे होती, तंबाखू खाणारी होती, सहामाहीचा पेपर फोडणारा एक होता. त्यांना मी फटके दिले, पालकांना बोलावले, वर्गाबाहेर उभे केले. पण दाखल्यावर 'चांगली'च. माझ्या आधीचे मुख्याध्यापक मला म्हणाले होते की शिक्षा शाळेत करायची, ती कागदावर लिहून पोराबरोबर पाठवायची नाही. आम्ही सगळे शिक्षक ते पाळत आलो. शिक्षा झाली, विषय संपला. दंगेखोर पोरांना मी जो न्याय दिला, तो त्या पोराला शिक्षा भोगून आल्यावर दिला नाही. माझे म्हणणे आज एवढेच आहे. कोर्टाच्या शिक्षेला तारीख असते. सहा महिने म्हणजे सहा महिने. त्यानंतर आपण जी शिक्षा देतो ती कुठल्या कायद्याने, आणि ती कधी संपते?

"कायद्याने" म्हटले म्हणून कायद्याकडे वळते. निवृत्तीनंतर ह्या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले.

आपल्याकडे १९५८ चा एक कायदा आहे, परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा. पहिल्यांदाच साधी चोरी करणाऱ्याला कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. आणि असा सुटलेला माणूस त्या शिक्षेमुळे एरवी लागू होणाऱ्या अपात्रतेत धरायचा नाही, असे त्याच्या कलम १२ मध्ये लिहिले आहे. माझ्या त्या विद्यार्थ्यासाठी कुणी हे मागितले होते का, मला माहीत नाही. मी त्या वेळी विचारलेही नाही. अल्पवयीन मुलांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम २४ आहे. मुलाच्या हातून गुन्हा घडला तर त्यामुळे तो पुढे अपात्र ठरत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करायची. (सोळा वर्षांपुढच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटला चालला तर निराळे.) म्हणजे नोंद पुसावी लागते हे आपल्या कायद्याला कळते. पण सतरा वर्षे अकरा महिने झालेल्याला जे कळते ते अठरा वर्षे एक महिना झालेल्याला लागू नाही. मोठ्या माणसाची नोंद अमुक वर्षांनी विसरावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून ठेवायचे नाही, असे त्यात आहे. किती वर्षांपूर्वी, कशासाठी, ह्याचा विचार नाही. आता ह्याच्या शेजारी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा ठेवून बघा. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर आणखी सहा वर्षे निवडणुकीला उभा राहू शकत नाही. सातव्या वर्षी राहू शकतो. आणि ज्याच्यावर नुसता खटला चालू आहे त्याला तर काहीच आडकाठी नाही. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात जाहीर केलेले होते. एडीआर ह्या संस्थेने ती प्रतिज्ञापत्रे मोजली. त्यातले कितीतरी गुन्हे आंदोलनाचे, जमावबंदीचे असतील, कितीतरी खोटेही असतील. हा संशयाचा फायदा आपण खासदारांना अगदी सहज देतो! मग तो वॉचमनला का नाही? शिक्षा भोगलेला माणूस सात वर्षांनी मंत्री होऊ शकतो, पण मंत्र्यांच्या इमारतीच्या फाटकावर एजन्सीचा गणवेश घालून उभा राहू शकत नाही. ह्यात कुठला तर्क आहे?

न्यायालयांनी बरेच शहाणपणाचे सांगितले आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. लहान वयात मारामारीत नाव आले होते, तडजोड होऊन सुटला होता, आणि अर्जात त्याने ते लिहिले नव्हते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात चक्क व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मधल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. भाकरी चोरल्याबद्दल जन्मभर चोर म्हणून फिरलेला तो. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की उमेदवाराने माहिती लपवली तरी डोळे मिटून काढून टाकू नका. गुन्हा काय होता, वय काय होते, पद कोणते आहे, हे बघून ठरवा. दुसरी बाजूही सांगते. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले होते की निर्दोष सुटला म्हणून पोलीस दलात घ्यायलाच पाहिजे असा हक्क नाही. ठीक आहे, पोलिसाच्या हाती बंदूक असते. पण ही सगळी प्रकरणे सरकारी नोकरीची, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद असलेल्यांची. जतेतला माणूस आठ-दहा हजारांचे काम गेले म्हणून दिल्लीला जाणार आहे का? त्याचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे तुमची-आमची सोसायटीची सभा.

आणि ही शिक्का मारण्याची सवय आपल्याला नवीन नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींतली मुले जन्मतःच गुन्हेगार ठरली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. कुंपण गेले, पण गावात चोरी झाली की पहिली धाड कुठल्या पालावर पडते ते गावाकडच्यांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचावे. १९८७ चे पुस्तक आहे, अजून जुने झालेले नाही. गंमत बघा, ज्या इंग्रजांनी आपल्याला हा शिक्का दिला, त्यांनीच १९७४ मध्ये स्वतःच्या देशात कायदा केला की ठरावीक वर्षे माणूस नीट वागला तर बहुतेक जुन्या शिक्षा 'संपलेल्या' धरायच्या, आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगायचीही गरज नाही. मुलांशी संबंधित आणि तशा नाजूक कामांना त्यातून वगळले आहे. आपण त्यांचा शिक्का जपून ठेवला.

आता तुमच्या शंका. फोनवर तीन आल्या, तिन्ही रास्त आहेत.

पहिली, "मुलाबाळांच्या सुरक्षिततेचे काय?" माझी स्वतःची नात त्या सोसायटीत खेळते. पॉक्सोखाली दोषी ठरलेल्या माणसाला शाळेत, पाळणाघरात, मुलांच्या आसपास कधीही काम देऊ नये, ह्या मताची मी आहे. दरोड्यात शिक्षा झालेल्याला बँकेच्या तिजोरीवर बसवा असेही मी म्हणत नाही. मी म्हणते, गुन्ह्याचा कामाशी संबंध बघा. बांधावर भांडलेला माणूस फाटक राखू शकतो. मोटर चोरलेला पोरगा वर्ग झाडू शकतो, घंटा देऊ शकतो.

दुसरी, "प्रामाणिक पोरे बेकार फिरत असताना ह्यांना का?" ह्यांना आधी द्या असे मी कुठे म्हटले? रांगेतून हाकलू नका, एवढेच. आणि काम न मिळालेला माणूस हवेत विरून जात नाही. तो गावातच राहतो, त्याला दोन वेळ भूक लागते, आणि त्याला बोलावणारे कोण असतात ते सांगायला नको. तुमच्या सुरक्षिततेसाठीच म्हणते, त्याला पगाराची तारीख असू द्या.

तिसरी, "सुधारतो कशावरून? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." म्हणींचे हेच वाईट. एक म्हण फेकली की विचार करायची जबाबदारी संपते. मी सदतीस वर्षे वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट वर्गात सांगितली, तुम्ही सगळ्यांनी ती ऐकली, मुलांना सांगितली. पण वाल्या आपल्या दारी काम मागायला आला, तर आपण त्याची पडताळणी मागवू आणि पुन्हा रानात पाठवून देऊ. पुढचे रामायण लिहायचे कुणी!

सुधारतो कशावरून, ह्याचे उत्तर आमच्या जिल्ह्यातच आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाच्या काळात तिथे प्रयोग सुरू झाला. शिक्षा झालेल्या कैद्यांना, त्यात खुनाचे कैदीही, उंच भिंतींऐवजी शेती दिली. पुढे कुटुंबासह राहायची मुभा मिळाली. ह्याच प्रयोगावरून गदिमांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आंखें बारह हाथ' काढला. चित्रपट बघून आपण रडलो, बर्लिनला त्याला बक्षीस मिळाले म्हणून मिरवलो. पण त्यातल्या सहांपैकी एक जण गडी म्हणून आपल्या शेतावर ठेवा म्हटले, तर?

आणखी एक सांगते. कोल्हापूरला मधली काही वर्षे अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंबा कारागृहात कैद्यांच्या हातचे होत असत. आपण ते डोळ्यांना लावून खाल्ले. कैदी आत असताना त्याच्या हातचा प्रसाद चालतो, आणि तो बाहेर आल्यावर त्याच्या हातचा चहा चालत नाही! कारागृहात सुतारकाम शिकवतात, विणकाम शिकवतात, बेकरी शिकवतात. सरकार पैसे खर्चून हुन्नर देते, आणि आपण फाटक लावून घेतो.

सरकारने काय करावे ते मी वर लिहिलेच. निर्दोष सुटलेल्याचा गुन्हा दाखल्यात नको. शिक्षा भोगलेल्याची नोंद काही वर्षांच्या नेक वर्तणुकीनंतर नोकरीपुरती मिटावी. सुरक्षारक्षकांच्या कायद्यात मुदत आणि गुन्ह्याचे स्वरूप बघायची सोय व्हावी. सरकार करील तेव्हा करील. आपल्याला आजच करता येण्यासारखे एक आहे. कागद वाचल्यावर ठराव करण्याआधी त्या माणसाला बोलवा, खुर्ची द्या, आणि काय झाले होते ते विचारा. त्याच्याजवळ निकालाची नक्कल असेल तर ती पिशवीतून काढून वाचा. दहा मिनिटे लागतात. ठरावालाही दहाच लागली होती.

तो वॉचमन गावी परत गेला आहे. पोरीची बारावी आहे. दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जाईन म्हणतो. तसे झाले तर पोरीच्या बारावीचे काय होईल हे शिक्षक मंडळींना सांगायला नको, कोयत्याबरोबर गेलेल्या मुली मी परत वर्गात आलेल्या फारशा पाहिल्या नाहीत.

म्हणून शेवटचा परिच्छेद आमच्या धाकट्या बंधूंसाठी. अण्णा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, प्रतिक्रिया देत नाहीस ते सोड. तुझ्या कुपवाडच्या वर्कशॉपला गेटवर माणूस हवा आहे, तूच गणपतीत म्हणाला होतास. एजन्सीमार्फत नको, थेट ठेव. निकालाची नक्कल मी स्वतः वाचली आहे, तीही तुला पाठवते. पालक काय म्हणतील म्हणून मी एकदा मागे सरले, तू कामगार काय म्हणतील म्हणून सरू नकोस. चारित्र्याचा दाखला लागत असेल तर मी लिहून देते, अक्षर अजून बरे आहे. रविवारी सकाळी दहाला फोन करते. उचल.